बोनमध्ये एक दिवस: सेलर्स सोडून
फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोनला एकच दिवस आहे तर वाईन सेलर्स (वाईन साठवायची तळघरं) सोडून काय बघू असं कोणी विचारलं, तर माझं मत, सकाळी आधी ओतेल-द्यू गाठा. बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ याने 1443 मध्ये गरिबांसाठी काढलेलं हॉस्पिटल, रंगीत कौलांचं छप्पर बघून मान दुखते पण नजर हटत नाही, आणि गंमत म्हणजे लोकांनी दान दिलेल्या द्राक्षमळ्यांची वाईन अजूनही दर नोव्हेंबरात लिलावात विकतात, 1859 पासून! आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमिनी असायच्या ना, तसंच काहीसं.

जेवणात बफ बुर्गिन्याँ (रेड वाईनमध्ये शिजवलेलं बीफ) सगळे सांगतीलच, पण मांस नको आणि अंडं चालत असेल तर गूजेर मागा, चीज घातलेले गरमागरम पोकळ गोळे, एकावर थांबणं अशक्य. सोबत कीर घ्या, आलिगोते व्हाइट वाईनमध्ये काळ्या करंटचं लिकर. नाव दिजाँ शहराचे मेयर फेलिक्स कीर यांच्यावरून, ते पाद्रीपण होते बरं का.

एपवास हे उग्र वासाचं चीज मात्र रूमवर नेऊ नका. आम्ही नेलं आणि रात्रभर खिडकी उघडी टाकून कुडकुडत झोपलो :)