रक्ताची नव्हे, खोलीचीच गाज

बरेच जण सांगतात की शंख कानाला लावल्यावर समुद्रासारखी गाज ऐकू येते ती आपल्याच रक्ताची सळसळ. हे मीही बरीच वर्षं खरं मानत होतो. पण तसं असेल तर दोन जिने धावत चढून आल्यावर आवाज वाढायला हवा. करून बघा, वाढत नाही. उलट ध्वनिशोषक खोलीत, जिथे बाहेरचा आवाजच नसतो, तिथे शंखही जवळजवळ मुका होतो.

आवाज येतो तो आजूबाजूचाच. पंखा, रस्ता, फ्रिजची घरघर, जे एरवी आपल्या कानांवरून निघून जातं ते. शंखातली हवा त्यातल्या ठरावीक कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं, हर्ट्झमध्ये मोजतात) उचलून धरते, बाकीच्या सोडून देते. याला अनुनाद म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झने १९व्या शतकात पोकळ गोल कानाला लावून असेच मिश्र आवाजातले सूर वेगळे केले होते. एका टोकाला बंद असलेली १० सेंमीची सरळ नळी साधारण ८५० हर्ट्झला घुमते. नळी लांब, तर सूर खाली. शंखाची पोकळी वेडीवाकडी, वळत वळत निमुळती होणारी, म्हणून एकच स्वच्छ सूर न येता अनेक एकदम घुमतात आणि ती 'गाज' तयार होते.

शंख नसेल तर स्टीलचा पेला घ्या. कानाला घट्ट न लावता कडेने किंचित उघडा ठेवा आणि फट कमीजास्त करा. लाट आल्यागेल्यासारखी वाटते! समुद्र तिथेही नाहीच.