एचआयव्हीचं निदान नुकतंच झालंय, घरी लगेच सांगावं का?

पायवाट (धागाकर्ता)

एका मुलाचा रिपोर्ट नुकताच पॉझिटिव्ह आला. "आता घरी काय सांगू?" एवढंच त्याने विचारलं होतं. त्याला मिळालेली बहुतेक उत्तरं एकाच सुरातली होती: मन मोकळं कर, लपवू नकोस, सगळ्यांना सांगून टाक. मला हा सल्ला अजिबात पटलेला नाही, म्हणून हा वेगळा धागा. मी स्वतः बरीच वर्षं एचआयव्हीसह जगतोय. गोळ्या नियमित चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, अनडिटेक्टेबल आहे, चाचणीत सापडणार नाही इतकं कमी.

माझं म्हणणं असं की सुरुवातीला तीनच माणसांना कळलं तरी पुरे: डॉक्टर, ज्याच्याशी शरीरसंबंध आहेत तो जोडीदार आणि ज्याच्यापुढे रडता येईल असं एक माणूस. बाकीच्यांचं नंतर बघावं. एकदा सांगितलं की ते परत घेता येत नाही, आणि रिपोर्ट हातात पडतो तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. हा आजार आज नेमका काय आहे हे आपल्यालाच धड ठाऊक नसतं. आई विचारते, "आता किती दिवस?" आपल्याकडे उत्तर नसतं. मग आपल्याला धीर मिळायचा राहतो बाजूला, आपणच आईची समजूत काढत बसतो. तेच काही महिन्यांनी, व्हायरल लोड खाली आल्यावर सांगितलं तर उत्तर तयार असतं: वेळेत उपचार सुरू केले आणि गोळी रोज घेतली, तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच.

शिवाय त्या दिवसांत करायची कामंच पुष्कळ असतात. एका चाचणीवर निदान पक्कं होत नाही, पुढच्या वेगळ्या चाचण्या झाल्यात ना ते बघायचं. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), व्हायरल लोड, टीबीची तपासणी, हिपॅटायटिस बी. ही शेवटची तर आवर्जून करा. एचआयव्हीच्या काही गोळ्या हिपॅटायटिस बीवरही चालतात, आणि तो असताना त्या मध्येच बंद केल्या तर यकृताचं दुखणं उसळू शकतं.

कल्याणी

पूर्ण असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय.

माझ्या भावाने "नंतर सांगू" म्हणत वर्षं काढली. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढायचा. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओतून ठेवायचा. घरात पाहुणे असले की रात्रीची गोळी बुडायची, कारण कपाट त्यांच्यासमोर उघडावं लागायचं. आम्हाला कळलं ते तो टीबीने दवाखान्यात भरती झाला तेव्हा, आणि तेही त्याच्या तोंडून नाही. तोवर विषाणू पहिल्या गोळ्यांना दाद देईनासा झाला होता, औषधं बदलावी लागली. आज तो बरा आहे. पण इतकी वर्षं तो शेजारच्या खोलीत एकटाच घाबरत होता, हे मला अजून सहन होत नाही. आम्ही काय केलं असतं? फार तर रडलो असतो, चार दिवस घरात कुणी धड जेवलं नसतं.

तुमचं "नंतर" म्हणजे कधी, हे तुम्ही लिहिलंच नाहीत.

पायवाट

@कल्याणी, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. गोळ्या चुकत राहिल्या की काय होतं ते तुम्ही जवळून पाहिलंय, त्यावर माझा वादच नाही. म्हणून तर एक माणूस हवंच म्हणतोय, आणि शक्यतो ते त्याच घरातलं असावं, म्हणजे कपाट उघडायला आडोसा शोधावा लागत नाही. "फार तर रडलो असतो" हे तुमच्या घराबद्दल खरं असेल. त्या मुलाचं घर कसं आहे हे तुम्हाला-मला कुठे माहितेय?

रातराणी

पायवाट, जोडीदाराला तुम्ही त्या तिघांत सहज बसवून टाकलंत. माझी गाडी तिथेच अडली.

माझं निदान गरोदरपणाच्या तपासणीत झालं. मी त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं, कारण सगळीकडे हेच वाचलं होतं की प्रामाणिक राहा. त्याने स्वतःची चाचणी करायच्या आधीच ठरवून टाकलं की हे मीच आणलं. पुढे त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तरी घरात ते मत बदललं नाही. चाचणी कुणाची आधी झाली यावरून संसर्ग कुणाला आधी झाला हे मुळीच ठरत नाही. गरोदर बाईची तपासणी होते म्हणून तिचं आधी कळतं, इतकंच. पण दोष तिच्याच माथी येतो. मला घर सोडावं लागलं.

मुलगी निगेटिव्ह आहे, हे मुद्दाम लिहितेय. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला आणि बाळाला औषधं वेळेत मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. नुकतंच कळलेली कुणी गरोदर बाई हे वाचत असेल, तर तिने आधी हे वाचावं आणि मग नवऱ्याला काय नि कसं सांगायचं ते ठरवावं.

समुपदेशिका

याच कामात आहे, म्हणून रातराणींच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर.

जोडीदाराला कळायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गेल्या ७२ तासांत संबंध आला असेल तर संसर्ग टाळण्याची औषधं त्याला सुरू करता येतात, तिथे एकेक तास मोलाचा असतो. त्याचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विंडो पिरियडनंतर, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणीत दिसत नाही तो काळ गेल्यावर, पुन्हा तपासणी लागते. पण हे सांगायला त्याच रात्री बंद दाराआड एकटीनेच बसलं पाहिजे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच शिफारस केली आहे की पेशंटची संमती असेल तर आरोग्य कर्मचाऱ्याने जोडीदाराशी संपर्क साधावा, पेशंटचं नाव न घेता तपासणीला बोलवावं, किंवा दोघांना समोर बसवून सांगावं. घरात मारहाणीची भीती असेल तर समुपदेशकाला ते सर्वात आधी सांगा. आम्ही तो प्रश्न विचारायलाच हवा. घाईगर्दीत तो राहून जातो, हे मी पाहिलंय.

आणि जोडीदारासमोर हेही ठेवा: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती, एक पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड औषधांनी रक्ताच्या मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली होता. कंडोमशिवाय सुमारे ७६,००० संबंध नोंदले गेले, त्यात या जोडीदाराकडून झालेला संसर्ग शून्य. २०१६ च्या पहिल्या अभ्यासात स्त्री-पुरुष जोडपीही होती, तिथेही शून्य. मात्र लोड खाली येईपर्यंत कंडोम हवाच.

कल्याणींच्या त्या डबीवरून आठवलं: हल्ली बऱ्याच जणांना मिळणारं एचआयव्हीचं औषध डोल्युटेग्राव्हिर उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही. काय काय खाताय ते डॉक्टरांना सांगा.

अबोल

सांगावं की न सांगावं यावर इतकं बोलणं चाललंय, पण मला दडपण आलं ते गोळ्यांचं. रिपोर्टच्या दिवशीच बाटली हातात आली. जन्मभराची गोळी, आणि विचार करायला एक रात्रही नाही? पायवाट म्हणतात सांगायची घाई नको. मग गिळायची घाई का?

समुपदेशिका

@अबोल, तुमची तक्रार रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या शिफारशीत सात दिवसांच्या आत सुरुवात करा असं आहे, त्याच दिवशी फक्त ज्याची तयारी असेल त्याला. दोन दिवस मागून घ्यायचा तुम्हाला हक्क होता. मेंदूज्वराची लक्षणं असतील तर आम्हीच थांबवतो, आधी त्याचा उपचार लागतो. पण महिनोन्‌महिने थांबू नये. पूर्वी सीडी४ कमी होईपर्यंत वाट बघायचे. २०१५ मध्ये स्टार्ट अभ्यासाने दाखवलं की सीडी४ चांगलं असतानाच औषधं सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून निम्म्याहून कमी झाले.

नवा_पाहुणा

ज्याच्यावरून धागा निघाला तो मुलगा मीच. सगळं वाचलं, काही दोनदा. गोळ्या सुरू झाल्यात. पहिले काही दिवस मळमळ होती, आता कमी आहे. रात्री झोप लागत नाही. ती गोळ्यांमुळे की विचारांमुळे, कळत नाही.

ताईला सांगायचं ठरवलंय. आई-बाबांना इतक्यात नाही. पण ताईची छोटी मुलगी दिवसभर माझ्या अंगाखांद्यावर असते, माझ्याच ताटात जेवते. सांगितल्यावर ताईने तिला माझ्यापासून उचलून नेलं तर?

पायवाट

अरे, लाळेने, एका ताटात जेवल्याने, पापा घेतल्याने, मिठी मारल्याने हा होत नाही. दाढीचं ब्लेड वेगळं ठेव, बस. झोपेचं डॉक्टरांना सांग, काही गोळ्यांनी झोप उडते, वेळ बदलून बघतात. ताईला पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत ने. तिला जे विचारायचंय ते तिने थेट डॉक्टरांना विचारू दे. उत्तरं द्यायचं ओझं तू घेऊ नकोस.

रातराणी

आणि ती पहिल्यांदा दचकली, मागे सरली, तर तेवढ्यावरून तिच्याबद्दल मत करून घेऊ नकोस. तुला तरी रिपोर्ट बघून काय वाटलं होतं?

कल्याणी

ताईला सांगतोयस, फार बरं वाटलं. आई-बाबांचं मात्र तारीख ठरवून ठेव, ताईला ती तारीख सांग. पायवाट, मी अजूनही तुमच्या बाजूची नाही.

पायवाट

तारखेऐवजी पहिला चांगला व्हायरल लोड रिपोर्ट धरा ना. कुठे काही आठवड्यांनी करतात, कुठे सहा महिन्यांनी.

कल्याणी

सहा महिने? एकाच घरात, रोज त्यांच्यासमोर जेवायला बसून? मला ते फार वाटतात. त्याने ठरवावं, पण ताईशी बोलून ठरवावं.