चर्चा: वन्यजीव मोहीम चालवणारी माणसं पगारी असावीत की स्वयंसेवक?

टिटवी (धागाकर्ती)

स्वयंसेवी वन्यजीव मोहिमांचा विषय निघाला की बोलणं स्वयंसेवकांवरच येऊन थांबतं. कोण आलं, किती पैसे भरले, काय पाहिलं. मला मोहीम चालवणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. तुकडीप्रमुख, क्षेत्रसंशोधक, त्या भागातले वाटाडे, गाडी चालवणारे, तळावरचे स्वयंपाकी. या सगळ्यांना पगार, विमा आणि लेखी करार मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज अनेक ठिकाणी तुकडीप्रमुखसुद्धा 'अनुभव मिळेल' या बोलीवर फुकट राबतात, आणि हे मला मान्य नाही.

या लोकांचं काम बाहेरून दिसत नाही. दिवसभर ट्रान्सेक्ट, म्हणजे प्राणी मोजण्यासाठी आखलेले पट्टे, चालून सगळे दमून परततात. बाकीचे बूट काढून बसले की प्रमुख हेडटॉर्चच्या उजेडात नोंदीचे कागद तपासायला घेतो. एका रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे प्राणी दिसला नाही, की त्या पट्ट्यात कोणी गेलंच नाही? पहिल्या अर्थाने तिथे शून्य हवं, दुसऱ्या अर्थाने आडवी रेघ, आणि पुढचं सगळं गणित या फरकावर उभं असतं. ज्याने कागद भरला त्याला त्याच रात्री गाठून विचारावं लागतं, कारण दोन दिवसांनी त्यालाही आठवत नाही. मग कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांची, घड्याळं पाहायची. बॅटरी बदलताना तारीख चुकीची पडली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर कोणता प्राणी कोणत्या वेळी फिरतो याची सगळी नोंद वाया जाते.

सुरक्षेची जबाबदारी वेगळीच. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा 'विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' हा अभ्यासक्रमच साधारण ७० ते ८० तासांचा असतो. तेवढी तयारी असलेला माणूस फुकट मिळावा, अशी अपेक्षा आपण आणखी कोणत्या कामात ठेवतो?

दूरची पायवाट

असहमत. भावना समजते, पण लहान संस्थांची स्थिती पाहा. पैसे भरणाऱ्या स्वयंसेवकांवर मोहीम चालवायची ही पद्धत जुनी आहे. अर्थवॉच संस्था १९७१ पासून हेच करते: स्वयंसेवक आपला वाटा भरतो आणि त्यातून संशोधकाचं काम निघतं. या पैशातून गाड्या, इंधन, परवाने, कॅमेरे, अन्न एवढं भागवायचं आणि वर सगळ्यांना पूर्ण पगार द्यायचा, तर शुल्क वाढतं. शुल्क वाढलं की येणारे घटतात, आणि पहिली बंद पडते ती ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही अशा प्राण्यांची मोहीम. हत्ती आणि वाघासाठी पैसा उभा राहतो. बेडकांसाठी, वटवाघळांसाठी कोण देणार?

शिवाय फुकट काम म्हणजे कच्चं काम असं का धरायचं? उत्तर अमेरिकेतली ख्रिसमसची पक्षिगणना १९०० सालापासून चालू आहे. तिथे मोजणारे स्वयंसेवक आहेतच, पण प्रत्येक वर्तुळाच्या, म्हणजे गणनेसाठी आखलेल्या गोल क्षेत्राच्या, नोंदी गोळा करून तपासणारे संयोजकही स्वयंसेवकच. शंभराहून अधिक वर्षांची माहिती त्यांनी उभी केली. ज्या माणसाला आपलं रान जपायचं आहे, तो पगार नाही म्हणून निष्काळजीपणा करत नाही.

टिटवी

पक्षिगणना एका दिवसाची असते. संयोजक संध्याकाळी घरी जातो, आणि त्याचा पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. इथे प्रमुख आठवडेच्या आठवडे तळावर असतो. दुसरी मिळकत त्या काळात बंदच. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

शून्य नोंद

मी वन्यजीवांची आकडेवारी हाताळतो, म्हणून एक मुद्दा मांडतो. हिमबिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखतात आणि त्यावरून संख्या काढतात. २०२० मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या विज्ञान नियतकालिकात याच पद्धतीची परीक्षा घेणारा अभ्यास आला. प्राणिसंग्रहालयांतले १६ हिमबिबटे घेतले, म्हणजे कोणत्या फोटोत कोणता हे आधीच पक्कं ठाऊक. ते फोटो ८ निरीक्षकांना दिले, त्यांत अनुभवी लोकही होते. त्यांच्या ओळखीवरून काढलेली संख्या खऱ्या संख्येपेक्षा सरासरी सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाली. एकाच प्राण्याचे फोटो वेगवेगळे प्राणी म्हणून मोजले गेले होते. म्हणजे प्रत्यक्षात होते त्यापेक्षा जास्त बिबटे कागदावर जगत होते, आणि संरक्षित प्राण्याच्या बाबतीत अशी चूक महागात पडते.

अनुभवी डोळा असूनही हे होतं. मग दर हंगामाला नवा फुकट प्रमुख आला तर? मागच्या वर्षी कॅमेरा ओढ्याच्या कोणत्या काठाला का लावला होता, कोणत्या फोटोवर शंका होती, हे सांगणाराच उरत नाही. वर्षानुवर्षं तुलना करायची तर तीच माणसं टिकायला हवीत, आणि पगाराशिवाय माणूस फार तर दोन-तीन हंगाम टिकतो. मी टिटवीच्या बाजूने आहे, आणि त्यामागे दयामाया नाही. मला माहिती भरवशाची हवी आहे.

गस्तवाला

मी कासवांच्या किनाऱ्यावर रात्रीच्या गस्तीचं काम केलं आहे. मोहिमांच्या माहितीपत्रकांत जे वाचायला मिळत नाही, तेवढंच लिहितो.

कासवाची मादी अंडी घालून गेली आणि घरटं भरतीच्या रेषेच्या आत असलं, तर अंडी हलवायला वेळ थोडा असतो. पहिल्या काही तासांत हलवली तर ठीक. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून रात्रीच ठरवावं लागतं, आणि काढताना अंडं जसं आहे तसंच धरायचं, गोल फिरवायचं नाही. आमच्याबरोबरचा स्थानिक माणूस अंधारात वाळूवरची माग नुसत्या तळपायाने ओळखायचा. येतानाची आणि परतीची खूण वेगळी, मादी घरटं करून गेली की नुसती फिरून गेली हेही तो सांगायचा. स्वयंसेवक लाल दिवा घेऊन मागे उभे असायचे आणि मोजायचे. मोहिमेचा खरा जाणकार तोच होता. अहवालात मात्र त्याचा उल्लेख 'स्थानिक साहाय्यक' एवढाच, नावसुद्धा नाही. प्रमुखाचं नाव होतं, आणि तो त्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच आला होता.

त्यामुळे मला या वादात दोन्ही बाजूंना एक विचारायचं आहे. पगाराची गोष्ट निघाली की आपण बाहेरून येणाऱ्या प्रमुखाचा विचार का करतो? पहिला हक्क कोणाचा?

दूरची पायवाट

गस्तवाले, हे मान्य. स्थानिक माणसाला पैसे न देणं मी कधीच योग्य म्हणणार नाही. मी बोलतोय ते बाहेरून स्वखुशीने येणाऱ्या प्रमुखांबद्दल. त्यांना या क्षेत्रात पुढे जायचं असतं, आणि अशा मोहिमेतून त्यांना ओळखी आणि शिफारशी मिळतात. दोन्ही बाजूंचा फायदा असताना तो बंद का करायचा?

टिटवी

फायदा कोणाचा होतो ते पाहा. वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन या संशोधन नियतकालिकात २०१५ मध्ये दोन संशोधकांनी याच प्रश्नावर लिहिलं होतं. त्यांचा मुद्दा असा की बिनपगारी क्षेत्रकाम ज्याला परवडतं तोच या क्षेत्रात शिरतो, आणि ज्याच्या मागे घरचा पैसा नाही तो दारातच अडतो. पुढे हेच लोक संशोधक होतात, अधिकारी होतात, धोरणं लिहितात. तुम्ही ज्याला स्वखुशी म्हणता ती सगळ्यांना परवडत नाही.

अजून एक. पैसे भरून आलेल्या माणसाला 'हवा बिघडली आहे, आज वर जायचं नाही' असं तोंडावर सांगायला अधिकार लागतो. पाहुणा नाराज झाला आणि त्याने तक्रार केली तर पगारी, करार असलेल्या प्रमुखामागे संस्था उभी राहू शकते. शिफारसपत्राच्या आशेवर आलेला पोरगा तिथे गप्प बसतो. अपघात अशाच गप्प बसण्यातून होतात.

पाणथळ

मी तळावर स्वयंपाक आणि सामानाची व्यवस्था पाहिली आहे. वरच्या सगळ्या प्रतिसादांत आमच्याबद्दल कोणी ओळभर लिहिलं नाही, धाग्याच्या सुरुवातीला नावापुरता उल्लेख आला तेवढाच. पाणी उकळून भरून ठेवणं, कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते लक्षात ठेवणं, तळाजवळ प्राणी येऊ नयेत म्हणून उरलंसुरलं रोज बंद डब्यात ठेवणं. शेवटच्या कामात एक दिवस ढिलाई झाली तर जंगली प्राण्याला माणसाच्या अन्नाची सवय लागते. संवर्धनाची मोहीमच मग त्या प्राण्याच्या जिवावर उठते. आम्हालाही करारात धरा.

दूरची पायवाट

हा मुद्दा मी खरंच पाहिला नव्हता. तरी पैशाचा प्रश्न सुटत नाही, म्हणून क्रम ठरवा. आधी विमा, सगळ्यांचा, स्वयंपाक्यापासून प्रमुखापर्यंत. त्यात काटकसर करणाऱ्या संस्थेने मोहीम काढूच नये. मग स्थानिक लोकांचा पगार आणि अहवालात त्यांचं नाव. बाहेरून येणाऱ्या प्रमुखाचा पगार तिसरा, आणि तिथे लहान संस्थांना सवलत असावी असं माझं अजूनही मत आहे.

शून्य नोंद

पहिल्या दोन्हीवर सहमत. तिसऱ्यावर नाही. सवलत द्यायचीच तर ती एका हंगामापुरती असू दे, आणि संस्थेने जाहिरातीतच लिहावं की हे पद बिनपगारी आहे. पैसे भरणाऱ्या स्वयंसेवकालाही कळू दे, त्याच्या शुल्कातून कोणाला काहीच मिळत नाही ते.