डिले बंद करा आणि मग सांगा, वाजवता येतं का

कोरडा_सूर

शीर्षक चिडून लिहिलंय हे आधीच कबूल करतो. चीड स्वतःवरच आहे.

तीन महिने गिटारवर एक सोलो घासत होतो. संथ लयीतला, दोन-तीन लांब बेंड (तार ताणून स्वर वर चढवणं) असलेला. डिलेचं पेडल (वाजवलेला स्वर थोड्या वेळानं प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं) कायम चालू, ४५० मिलिसेकंद, चार-पाच रिपीट ऐकू येतील इतका फीडबॅक, मिक्स (मूळ आवाजाच्या तुलनेत रिपीटचं प्रमाण) निम्म्यावर. खोलीत एकटा वाजवताना स्वतःच्याच अंगावर काटा यायचा. परवा पेडलचा अडॅप्टर मेला. म्हटलं, आज कोरडंच वाजवू आणि रेकॉर्ड करून ठेवू.

ऐकलं आणि गप्प बसलो. बेंड वर चढतोय, पण पोचायच्या थोडं आधीच दमतोय. व्हायब्रेटो (स्वराला द्यायचं हलकं कंपन) म्हणजे थंडीत कुडकुडणारा माणूस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक स्वराचं शेपूट कापलेलं. पुढच्या पट्टीवर उडी मारायच्या घाईत बोट स्वर पुरा व्हायच्या आधीच उचललं जातं. तीन महिने ती शेपटं डिले जोडून देत होता आणि मी ती माझीच समजत होतो.

म्हणून माझं मत असं की शिकणाऱ्यानं पहिली दोन वर्षं डिलेला हात लावू नये. ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा फाटका करणारा इफेक्ट) एक वेळ परवडला, कारण नको असलेली तार हलली की तो लगेच बोंब ठोकतो. डिले मात्र लाड करतो, आणि ज्याचे लाड होतात त्याला कळत नाही.

या, तुटून पडा.

तिसरं_रिपीट

तुटून पडतोच. तुम्ही पांघरुणात झोपलात आणि आता पांघरुणावर खटला भरताय.

४५० मिलिसेकंद, निम्मं मिक्स, पाच रिपीट, आणि लयीशी काही संबंध नाही. असं लावलं तर कोणीही गोड लागेल. आता दुसरं काही तरी करून बघा. मेट्रोनोम १२० वर ठेवा, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. एका मात्रेला ५०० मिलिसेकंद. डिले त्याच्या पाऊणपट, म्हणजे ३७५ वर लावा. यालाच आपण सगळे डॉटेड एट्थ म्हणतो. फीडबॅक एक-दोन रिपीटपुरता, आणि मिक्स जवळजवळ मूळ आवाजाइतकं. आता साधे अर्ध्या मात्रेचे स्वर वाजवा, दर २५० मिलिसेकंदांना एक.

पहिल्या स्वराचं रिपीट ३७५ वर येतं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वराच्या बरोबर मधोमध. पुढचं ६२५ वर, पुन्हा मधोमध. तुम्ही मात्रेला दोन वाजवताय आणि ऐकणाऱ्याला चार ऐकू येताहेत. यूटू बँडच्या एज नावाच्या गिटारवाल्यानं आख्खी शैली ज्यावर उभी केली ती हीच गंमत.

आता मुद्दाम ३० मिलिसेकंद उशिरा वाजवा. कोरड्या गिटारवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथं मात्र घोडा लगेच लंगडायला लागतो, कारण रिपीट आपल्या वेळेवरच येतं, तुमच्यासाठी थांबत नाही. यापेक्षा खडूस मास्तर मला तरी माहीत नाही. लाड कसले?

कोरडा_सूर

मान्य, हा खेळ वेगळा आहे. पण तो खेळणारे किती? पेडल हातात आल्यावर ९० टक्के लोक (आकडा माझ्या पोटातून काढलाय) टाइमचा खटका फिरवत बसतात आणि ‘आहाहा’ वाटलं की थांबतात. मीही तेच केलं.

शिवाय ३७५ तेव्हाच चालतं जेव्हा ड्रमर १२० सोडत नाही. आमचा ड्रमर कोरस आला की १२४ ला जातो. तिथं मात्रा ४८४ ची होते आणि पाऊणपट ३६३. माझं रिपीट १२ मिलिसेकंद मागे, त्याच्या पुढचं २४. दोन ओळींत सगळा चिखल.

घासलेली_टेप

१२ मिलिसेकंदांनी चिखल होत नाही हो, थोडं ओघळतं फक्त. टॅप टेम्पोचं बटण त्यासाठीच असतं. पायानं चार ठोके द्या, झालं.

मला मूळ मांडणीच पटली नाही. तुम्ही असं धरून चाललाय की ‘खरी’ गिटार कोरडी असते आणि डिले हा वरून लावलेला मुलामा. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हे कधी खरं होतं? एल्विस प्रेस्लीचा गिटारवाला स्कॉटी मूर, त्यानं १९५५ मध्ये रे बट्सनं बनवलेला इकोसॉनिक ॲम्प घेतला. त्या ॲम्पच्या पोटातच टेप इको होता. फझ पेडल (आवाज पार फाडणारं) बाजारात यायला तेव्हा अजून काही वर्षं होती. म्हणजे रॉकच्या गिटारला इको आधी चिकटलाय, फझ नंतर आला.

त्या काळचा स्लॅपबॅक कसा निघायचा तेही बघा. टेपवर आधी रेकॉर्ड हेड, पुढे प्लेबॅक हेड. दोन्हींत समजा दोन इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला पंधरा इंच. दोनला पंधरानं भागा, १३३ मिलिसेकंद आले. एकच रिपीट, मूळ आवाजापेक्षा जरा हळू. यात लपायला जागा कुठंय? एक तडका आणि संपलं. पिकचा प्रहार बोथट असेल तर तो दोनदा बोथट ऐकू येतो.

आणि ब्रायन मे? क्वीन बँडच्या मैफलींत तो एकोप्लेक्स (टेपवर चालणारा डिले) वापरायचा, रिपीट वेगवेगळ्या ॲम्पमधून सोडायचा आणि स्वतःच्याच मागून येणाऱ्या आवाजाशी हार्मनी वाजवायचा. आत्ता वाजवलेली ओळ थोड्या वेळानं परत येणार आहे, तेव्हा तिच्यावर काय बसेल, हे आधी डोक्यात हवं. ते कोरडं वाजवून दाखवा बरं.

कोरडा_सूर

ब्रायन मेचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! त्याचा बेंड आधीच जागेवर बसत होता. मी शिकणाऱ्यांबद्दल बोलतोय.

सोल्डर_आणि_चहा

दोन्ही बाजू डिले म्हणजे एकच वस्तू असल्यासारखं बोलताहेत. कुठला डिले?

ॲनालॉग डिलेच्या आत बकेट ब्रिगेड चिप असते. कल्पना फिलिप्समधल्या सँगस्टर आणि टीर यांची, १९६९ ची. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादली पुढे देतात, तसा आवाजाचा नमुना एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकत जातो. एमएन३००५ या नावाजलेल्या चिपमध्ये अशी ४०९६ घरं. डिले लांबवायचा म्हणजे बादल्या सावकाश सरकवायच्या. त्या चिपमधून ३०० मिलिसेकंद काढायचे तर घड्याळ सेकंदाला ६,८०० ठोक्यांच्या आसपास उतरतं, आणि मग साधारण ३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टरनं कापावंच लागतं, नाहीतर शिट्ट्या वाजतात. जुन्या ॲनालॉग पेडलचा तो प्रसिद्ध ‘उबदार’ आवाज म्हणजे ही नाइलाजाची कात्री आहे. पण तिचा फायदा असा की रिपीटला पिकचं टोक राहत नाही. ते तुमच्या स्वराच्या मागे जाऊन बसतं, अंगावर येत नाही.

डिजिटलमध्ये रिपीट मुळाइतकंच लखलखीत येतं. तिसरं_रिपीट सांगतात त्या लयीच्या खेळाला तेच हवं. पण संथ सोलोत तेच रिपीट पुढच्या स्वराच्या छातीवर बसतं. टोनचा खटका असेल तर खाली घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

आता धागाकर्त्यांना प्रश्न. तुमचा डिले डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या टप्प्याच्या) आधी होता की नंतर?

कोरडा_सूर

आधी. गिटार, डिले, मग ॲम्पचा लीड चॅनल, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा खटका) भरपूर. इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची ॲम्पवरची जागा) आहे, पण दोन केबल जास्त लागतात म्हणून कंटाळा केला.

सोल्डर_आणि_चहा

मग तुमचा अर्धा आरोप त्या दोन केबलींवर जातो.

डिले आधी असला की मूळ स्वर आणि त्याची रिपीट एकत्रच डिस्टॉर्शनमध्ये घुसतात. जास्त गेन म्हणजे जबर कॉम्प्रेशन. तुम्ही हात थांबवलात की हळू असलेलं रिपीटही दाबून मुळाइतकं मोठं होतं. म्हणून मेलेलं शेपूट जिवंत वाटत होतं! वर दोन वेगळे स्वर एकत्र तुटले की त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन तिसरेच आवाज निघतात, त्या गोंगाटात बेंड किंचित खाली राहिलेला कोण ऐकणार? हाच डिले लूपमध्ये, म्हणजे आवाज तोडणाऱ्या प्रीॲम्पच्या नंतर लावा. रिपीट एकेक करून खरोखर विझत जातील आणि तुटलेलं शेपूट तुटलेलंच कळेल.

(जेमतेम तुटणाऱ्या ॲम्पच्या पुढे मुद्दाम डिले ठेवणारेही आहेत आणि ते झकास लागतं. मी भरपूर गेनबद्दल बोलतोय.)

पहिलीच_तार

मी सहा महिने शिकतेय. वरचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण एक विचारते. डॉटेड एट्थ लावून मी साध्या कॉर्डचे स्वर सुटे वाजवले तेव्हा सगळं छान होतं, फक्त कॉर्ड बदलला की क्षणभर घाण वाजायचं. लय तर बरोबर होती. मग काय चुकत होतं?

तिसरं_रिपीट

झक्कास प्रश्न, आणि तुमचे कान चांगले आहेत.

कॉर्ड बदलला त्या क्षणी तुम्ही नव्या कॉर्डचा स्वर वाजवला, पण त्यानंतर पाव मात्रेनं जे रिपीट येणार ते जुन्या कॉर्डच्या स्वराचं. म्हणजे नव्या घरात जुना भाडेकरू. सी वरून जी वर जाताना जुन्या कॉर्डचा शेवटचा स्वर जी ठेवा. तो दोन्ही कॉर्डमध्ये आहे, रिपीट आलं तरी कुणाला टोचणार नाही. तिथं सी ठेवलात तर तो जी कॉर्डच्या बी ला अर्ध्या सुरावर घासणार.

पहिल्याऐवजी शेवटचाच का, ते कागदावर रेघा मारून बघा. एकदा ते कळलं की डिले लावून वाजवणं म्हणजे पुढचं लिहून ठेवणं आहे हे पटेल.

कोरडा_सूर, बघितलंत? सहा महिन्यांत हार्मनीचा प्रश्न पडला. तुमच्या नियमानं तो दोन वर्षांनी पडला असता.

कोरडा_सूर

हा फटका बसला. नोंद घेतली.

मागची_भिंत

मी वाजवत नाही, साउंड करतो. गिटारवाल्यांनो, तुम्ही सगळे खोलीतल्या डिलेवर भांडताय.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असेल तर तुमचा आवाज जाऊन परत यायला १०० मिलिसेकंद. म्हणजे हॉलनं स्लॅपबॅक फुकट दिलाच आहे, आणि त्याला ना टॅप टेम्पो ना मिक्सचा खटका. त्यावर तुम्ही पाच रिपीट ओतता, दुसरा गिटारवाला त्याची चार ओततो, गायकाच्या आवाजावर मी आधीच एक लावलेला असतो. मग मला येऊन विचारता, गिटार पुढे का येत नाही. माझ्या हातात असतं तर स्टेजवर डिलेला परवाना लावला असता.

कोरडा_सूर यांना +१.

घासलेली_टेप

साउंडवाल्यांचं दुःख कळतं, पण उलटंही होतं. खोलीत जे मिक्स भडक वाटतं ते बँडमध्ये ड्रम आणि बेस सुरू झाले की गायबच होतं. माझा अनुभव असा की छोट्या, पडदे लावलेल्या जागेत मिक्स वाढवावं लागतं आणि मोठ्या घुमणाऱ्या हॉलमध्ये जवळजवळ बंद. सरसकट परवाना कशाला? सिंबलच्या आवाजाकडे कान देऊन साउंडचेकला दोन मिनिटं द्या की.

मागची_भिंत

साउंडचेकला दोन मिनिटं देणारा गिटारवाला अजून भेटायचाय. वीस मिनिटं देणारे भेटलेत.

कोरडा_सूर

नवा अडॅप्टर आला. रविवारी सगळं करून बघितलं, तर हिशेब देतो.

सिग्नल दोन वाटांनी सोडला. एक वाट कोरडी, ती फक्त रेकॉर्ड होत होती. दुसरी डिलेतून माझ्या कानात. म्हणजे वाजवताना मी डिले ऐकतोय आणि टेपवर मात्र माझा नंगा हात. आधी ३७५ चा खेळ. इथं मी हरलो. नुसत्या मेट्रोनोमवर माझे अर्ध्या मात्रेचे स्वर जेवढे पुढे सटकत होते, त्याच्या निम्मेसुद्धा डिलेवर सटकले नाहीत. घोडा लंगडला की हात आपोआप सावरत होता. तिसरं_रिपीट, तुम्हाला साष्टांग.

मग तोच संथ सोलो, डिले ४५० वरच, पण लूपमध्ये. सोल्डरभाऊंचं खरं निघालं, शेपटं तुटलेली वाजवतानाच ऐकू आली. दोन केबलींचा कंटाळा मला तीन महिने महाग पडला.

पण बेंड? कोरड्या टेपवर बेंड अजूनही खालीच. कानात डिले असताना मला तो बरोबर वाटत होता. रिपीटही तेवढाच खाली आणि मूळही तेवढाच खाली, दोघं एकमेकांना दुजोरा देतात आणि मी फसतो. डिले बंद केला, ज्या सुरावर पोचायचंय तो आधी साधा पट्टीवर वाजवला आणि मग बेंड केला, तेव्हा कुठं दहापैकी सात जागेवर बसले. तेव्हा लयीपुरतं माघार घेतो. सुराच्या बाबतीत डिले खोटारडा साक्षीदार आहे, हे मी मागे घेणार नाही.

तिसरं_रिपीट

सुराचं मीही अमान्य करत नाही. ते तपासायला डिले नाहीच, ट्यूनर आहे आणि कान आहेत. बेसूर बेंडसाठी मेट्रोनोमला कोणी शिव्या देतं का?

पहिलीच_तार

शेवटचा स्वर जी ठेवला. घाण गेली! आता तोच प्रकार सी वरून एफ वर जाताना होतोय, तिथं जी चालत नाही.

तिसरं_रिपीट

एफ ला सी ठेवा. दोन्हींत आहे.

सोल्डर_आणि_चहा

धागाकर्ते, आता मिक्स किती ठेवलंय?

कोरडा_सूर

खटक्याची खूण नऊ वाजता, घड्याळाच्या काट्यासारखी.

घासलेली_टेप

नऊ?! साडेदहा तरी करा हो.

मागची_भिंत

नऊच राहू द्या.