एक्स-रेतली 'फट' आणि 'तडा'

प्रश्न : मे महिन्यात गुहागरला आलेला आमचा सहा वर्षांचा भाचा काजूच्या झाडावरून पडला. त्याच्या कोपराचा एक्स-रे पाहून घरात कोणी 'फट' म्हणाले, कोणी 'चीर', तर आजींनी 'तडा गेला' म्हणून डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी मात्र ती वाढीची जागा असल्याचे सांगितले. या शब्दांत अर्थभेद आहे का?

उत्तर : आहे, आणि येथे तो पाळायला हवा. फट रचनेतच असते, जशी दाराची किंवा फळ्यांमधली. तडा मात्र अखंड वस्तूला 'जातो'. लहान मुलांच्या कोपराचा बराचसा भाग कूर्चेचा (अजून हाड न बनलेल्या मऊ, लवचिक ऊतीचा) असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, त्यामुळे हाडांच्या दोन भागांमध्ये दिसणारी काळी रेघ पुष्कळदा फटच असते. 'चीर' दोन्ही अर्थांनी वापरतात, म्हणून ती येथे नको. 'क्रॅक' म्हणजे फ्रॅक्चरपेक्षा काहीतरी हलके, हा समजही चुकीचा, दोन्ही एकच.

खरी अडचण 'तुकडा' या शब्दाची आहे. कोपराभोवती सहा अस्थिकेंद्रे, म्हणजे कूर्चेत हाड बनायला सुरुवात होते ती ठिकाणे, एक्स-रेत साधारणपणे १, ३, ५, ७, ९ आणि ११ या वयांच्या सुमारास एकामागून एक दिसू लागतात; मुलींमध्ये थोडी आधी. वये मागेपुढे होतात, पण क्रमाला अधिक महत्त्व आहे. त्यात दंडाच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याचे केंद्र तिसरे, तर त्याच हाडाच्या, विहिरीवरील कप्पीसारख्या दिसणाऱ्या भागाचे चौथे. चौथ्याच्या जागी काही दिसते आहे आणि तिसरे मात्र जागेवर नाही, असे आढळले तर ते चौथे 'केंद्र' नसून उंचवट्यापासून सुटून सांध्यात अडकलेला 'तुकडा' असावा, अशी शंका घ्यावी लागते.

'तडा नाही' आणि 'तडा दिसत नाही' यांतही अंतर आहे. कोपर दुमडून बाजूने काढलेल्या एक्स-रेत दंडाच्या हाडामागे चरबीची काळसर सावली दिसली, तर सांध्यात रक्त साचल्याची, म्हणजेच लपलेल्या तड्याची शक्यता राहते.

पुरवणी : आमच्याकडे ढोपर म्हणजे गुडघा, पण काही भागांत कोपरालाही ढोपर म्हणतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी 'ढोपराला लागले' असे फोनवर कळवले, तेव्हा आम्ही दोन दिवस गुडघ्याचीच चौकशी करत होतो.