दुसरीतला मुलगा वर्गात पेन्सिल फेकतो, घरी मात्र शांत. काय करू?

डिचोलीची_आई
नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत. बालरथातून (शाळेच्या बसमधून) उतरला की दप्तर टाकून थेट आजीच्या मागे गोठ्यात. घरी काही त्रास नाही. पण महिन्याभरात शाळेतून पाच वेळा बोलावणं आलं. पेन्सिल फेकतो, शेजाऱ्याची वही ओढतो, मग बाई त्याला व्हरांड्यात बसवतात. काल बाकीच्या आयांसमोर म्हणाल्या, "हायपर आहे, कुठेतरी दाखवा." नेमकं कधी करतो विचारलं तर म्हणाल्या, "केव्हाही." सासूबाई दृष्ट काढायला सांगतात. मला रात्रभर झोप नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

सत्तरीच्या_बाई
बाय, रडत बसू नको. एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवून निवृत्त झाले. "केव्हाही" हे उत्तर मीसुद्धा कितीतरी वर्षं पालकांना देत आले, आणि मला ते मनापासून खरं वाटायचं.

तिसरीत एक मुलगा होता, असाच. मी त्याला रोज बाहेर आंब्याखाली बसवायची. एका प्रशिक्षणात आम्हाला वहीत तीन रकाने आखायला शिकवलं: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे लिहिलं आणि वही बघून मला घाम फुटला. जवळजवळ प्रत्येक वेळी "आधी"च्या रकान्यात एकच गोष्ट होती, फळ्यावरचं उतरवून घेणं. आणि "नंतर"च्या रकान्यात, बाहेर पाठवला. मला वाटत होतं मी शिक्षा करतेय. मी त्याची सुटका करत होते, रोज!

मग मी यावर वाचत गेले. अमेरिकेत बाल्टिमोरला ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या, विकासात मागे राहिलेल्या 9 जणांचा अभ्यास केला. तेच मूल वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं: कुणी समजूत घालतंय, कुणी काम करायला सांगतंय, एकटं आहे, नुसतं खेळतंय. 9 पैकी 6 जणांत तो त्रास एका ठरावीक परिस्थितीतच जास्त दिसला. म्हणजे वरून सारखं दिसणारं वागणं, पण एकाला लक्ष हवं असतं, दुसऱ्याला काम टाळायचं असतं. उपायही मग वेगळा. लक्ष हवं असलेल्याला ओरडलात तर त्याला हवं तेच दिलंत.

1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी पुढची गोष्ट दाखवली. त्या वागण्यातून जे मिळतं, तेच मागायला मुलाला शब्द शिकवले तर त्रास कमी होतो. मी माझ्या त्या तिसरीतल्या मुलाला एवढंच शिकवलं: "बाई, जमत नाही, मदत करा." आणि दहाऐवजी चार ओळी दिल्या. पहिल्या आठवड्यात तो आणखी बिथरला, कारण बाहेर पाठवणं मी बंद केलं होतं. तिथे माघार घेऊ नये, हे बाईंनाही सांग.

फोंड्याचा_बाबा
आमच्या मुलीला फळाच दिसत नव्हता, ताई. चष्मा लागला आणि भांडणं थांबली. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, मग बाकीचं.

पेडण्याचे_आजोबा
आमच्या वेळी दोन छड्या बसल्या की सरळ व्हायचे सगळे.

सत्तरीच्या_बाई
आजोबा, मान ठेवून सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मारायला बंदी आहे. आणि बंदी नसती तरी काय? मार खाईपर्यंत लेखनाची वेळ टळतेच. मुलाला परवडतं ते.

डिचोलीची_आई
बारा दिवसांनी लिहितेय. डोळे, कान ठीक आहेत. बाईंनी आधी कुरकुर केली, पण डायरीच्या मागे वेळ लिहून दिली. सहा नोंदी, त्यातल्या पाच शुद्धलेखनाच्या.

काल त्याला घरी शेजारी बसवून पाच ओळी लिहायला सांगितल्या. आजवर मी त्याची वही बघायची, हात कधी बघितलाच नव्हता. पेन्सिल चारही बोटांत मुठीसारखी धरतो. "प्रकाश" लिहिताना एवढा जोर दिला की कागद फाटला आणि नखांखालची बोटं पांढरीफटक पडली. तिसऱ्या ओळीला पेन्सिल टाकली. मी ओरडले नाही, फक्त विचारलं काय झालं. म्हणाला, "आई, म्हजो हात दुखता."

महिनाभर एवढंच सांगत होता पोर. सोमवारी ही वही घेऊन बाईंकडे जातेय, आणि हाताचं कुणाला दाखवायचं तेही डॉक्टरांना विचारणार आहे.