प्रत्येक परवान्याला हरकत घेत राहणं बेकायदा कसं? (अमेरिकेतली ट्रकवाल्यांची केस)

दहाचाकी_सांगली:
वडिलांच्या दोन दहाचाकी आहेत, मार्केट यार्डातून हळद-बेदाणा भरतो. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला. कॅलिफोर्निया मोटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ट्रकिंग अनलिमिटेड (१९७२) वाचली आणि अडकलो. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकी करून दुसऱ्यांच्या परवान्याच्या अर्जांना हरकती घ्यायचा सपाटा लावला, केसमध्ये दम असो नसो, असा आरोप. पण कोर्टात जाणं हक्क आहे ना? वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "गाडी दारात उभी असली तरी बँकेचा हप्ता थांबतो का रे?" त्यांना लगेच पटलं, मला नाही.

वकील_सातारा:
वडिलांनी बरोबर नस पकडली. हक्क आहेच, तो निकाल लिहिणाऱ्या जस्टिस डग्लसनीही मान्य केलाय. पण हरकत जिंकायला घेतलीच नव्हती, समोरच्याला परवाने देणाऱ्या कमिशनच्या आणि कोर्टाच्या दारापर्यंत पोचूच द्यायचं नाही म्हणून घेतली, हा मुद्दा होता. खर्चासाठी दरमहा वर्गणी काढून फंड केल्याचाही आरोप होता. एखादी केस हरलात तर काही नाही, पण बिनबुडाच्या केसेस एकामागून एक लागल्या तर कोर्ट त्याला सोंग म्हणतं. आणि एक नीट लक्षात घे, सुप्रीम कोर्टाने ७-० ने एवढंच म्हटलं की खालच्या कोर्टाने सुरुवातीलाच फेटाळलेला ट्रकिंग अनलिमिटेडचा दावा चालला पाहिजे. दोषी कुणालाच ठरवलं नाही, परीक्षेत पोरं इथंच चुकतात. १९९३ ला सोंग सिद्ध करायची ही कसोटी अजून कडक झाली.

बेदाणा_तासगाव:
आपल्याकडेही असा मुद्दा आलाय. जेसीबी कंपनीने आपल्यावर डिझाइनवरून केलेली केस हे सोंग आहे अशी तक्रार बुल मशिन्स कंपनीने सीसीआयकडे (भारताचा स्पर्धा आयोग) केली होती, २०१४ ला चौकशीचा आदेश निघाला.

कराडचा_ड्रायव्हर:
केस सोडा ओ, आमची गाडी एका गावात तीन दिवस उभी केली, नंबर लागल्याशिवाय भरायचं नाही म्हणे, आणि भाडं पण तेच ठरवणार. पावसात ताडपत्रीखाली झोपलो, माल दुसऱ्यानं नेला. हे चालतं का?

वकील_सातारा:
नाही चालत दादा. ह्यात कोर्टाचं सोंग नाही, सरळ अडवणूक आहे. पंजाबात किरतपूर साहिबच्या ट्रक सोसायटीविरुद्ध अशाच तक्रारीवर सीसीआयने २०१५ ला निकाल दिलाय. भाडं संगनमताने ठरवलं तर कॉम्पिटिशन ॲक्टचं कलम ३ लागतं. दिवाणी कोर्टात जाऊ नका, तिथं हे चालणार नाही, सीसीआयकडे जायचं. बिल्टी, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनची तारीख-वेळ काहीही डिलीट करू नका.

दहाचाकी_सांगली:
आत्ता कळलं सर. वडिलांकडे २०१९ पासूनच्या बिल्ट्या पोत्यात बांधून आहेत, उद्याच काढतो.